रविवारचं दर्शन

केनवडच्या विहारात रविवारची वंदना संपली, की पूर्वी बाया पदर सावरत घरची वाट धरायच्या. भागिरथाचा प्रसेनजित परदेशी गेल्यापासून ते मोडलं. आता वंदना आटोपली तरी एकही बाई उठत नसे, उलट मागच्या पुढं सरकत. कारण आता प्रसेनजित यायचा. यायचा म्हणजे टीव्हीत. पोरगा थायलंडात मास्तर होता. आठवडाभर तिथल्या लेकरांना इंग्रजी शिकवायचा आणि रविवारी सकाळी स्कूटर काढून कुठल्यातरी नव्या विहारात जाऊन फोन लावायचा. भागिरथाची पुतणसून सपना तो फोन विहारातल्या टीव्हीला जोडून द्यायची. मग केनवडच्या बाया बसल्या जागी सोनेरी कळस पाहायच्या, निजलेले बुद्ध पाहायच्या, कमळांनी भरलेली तळी पाहायच्या आणि हात जोडून 'साधू, साधू, साधू' म्हणायच्या.

भागिरथाचा जन्म लोकांच्या वावरात निंदण करण्यात गेला होता. तिला कोणी 'या, बसा' म्हटल्याचं तिच्या आठवणीत नव्हतं. आता मात्र ती दारात दिसली की "भागिरथाबाई, या समोर" असा पुकारा व्हायचा आणि टीव्हीसमोरची सतरंजी आपोआप मोकळी व्हायची. मान काही भाकरीसारखा नसतो, कितीही खाल्ला तरी पोट भरत नाही. भागिरथाचंही भरेना. पोराच्या वतीनं तीच बायांना विचारू लागली, "बोला, येत्या रविवारी काय पाहाचं?"

जानराव, म्हणजे तिचा नवरा, मुलखाचा अबोल माणूस. तो एकदाच बोलला होता, "पोराले एखांदा रविवार झोपू देत जाय न व."

"झोपाले गेला काय थो तिथं?" भागिरथानं त्याला उडवून लावलं. "पुण्याचं काम हाय. तुमाले काय समजते!"

मागच्या रविवारी दर्शन झाल्यावर म्हाताऱ्या पंचफुलाबाईनं हात जोडले. म्हणाली, "भागिरथा, तिकडं डोंगराच्या टोकावर मोठ्ठा पांढरा बुद्ध हाय म्हंतेत. मरायच्या आंधी तेवढा पाहाचा हाय." झालं. भागिरथानं तिथल्या तिथं शब्द देऊन टाकला, "त्यात काय व मावशी! पुढच्या रविवारी तोच."

संध्याकाळी चार-दोन बाया ओट्यावर हसत-बोलत बसलेल्या असताना तिनं पोराला फोन लावला. तो दबक्या आवाजात बोलत होता. मागं कोणी बाईमाणूस त्यांच्या भाषेत काही सांगत होतं आणि चाकांची खडखड ऐकू येत होती. बाजारात असेल, असं ती धरून चालली.

"आई, पाऊस लय हाय इकडं. थो घाट बेकार हाय. अन् आता जरासं..."

"आता अन् बिता काही नाही. म्या बायांले बोलून बसली. तोंडघशी पाडतं काय मले?"

तिकडून तो "पाहातो" म्हणाला. भागिरथानं फोन ठेवला आणि बायांकडं वळून हसली. "जाते म्हणे."

आणि आज तो रविवार उजाडला होता. वर्षावासाचे दिवस, विहार गच्च भरलेला. डोंगरावरच्या बुद्धाची बातमी पसरल्यानं शेजारच्या गावांतल्या बायाही ऑटो करून आल्या होत्या. नवी पांढरी साडी नेसून भागिरथा सगळ्यांच्या समोर बसली. वंदना झाली. सपनानं टीव्ही लावला. निळा पडदा उजळला, पण फोन काही वाजला नाही.

"रेंज नसन डोंगरावर," कोणीतरी म्हणालं.

थोड्या वेळानं सपनानं स्वतःच फोन लावला. एकदा, दोनदा. मग ती हळूच म्हणाली, "काकू, बंद हाय."

"बंद? त्याचा फोन कधी बंद नसते." भागिरथाच्या मनात पाल चुकचुकली, तरी बायांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "चढत असन. पोचला की करते."

बायांची कुजबूज वाढली. पाहुण्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. एकीनं तर विचारलंच, "होईन ना आज? आमचा ऑटोवाला थांबून हाय." एरवी भागिरथानं तिला चांगलं सुनावलं असतं. आज तिचं तिकडं लक्षच नव्हतं. सपना आपल्या फोनवर काहीतरी शोधत होती आणि शोधता शोधता तिनं तो पदराआड केला, हे भागिरथानं पाहिलं होतं.

"काय हाय त्यात? दाखव."

"काही नाही काकू. तिकडं पाऊस लय झाला म्हणे. घाटात दरड..."

पुढचं भागिरथानं ऐकलं नाही. डोळ्यांसमोर एकच दिसू लागलं: ओला घाट, त्यावर एक स्कूटर, आणि स्कूटरवर तिचा पोरगा, एका हातानं खिशातला फोन चाचपतो आहे. कशासाठी? तर आईनं बायांना शब्द दिला म्हणून. 'पाऊस लय हाय' असं त्यानं सांगितलं होतं. स्वच्छ सांगितलं होतं. तिनंच ऐकलं नाही.

इतक्यात जानराव दारात येऊन उभा राहिला. कोणी त्याला सांगितलं कोण जाणे. तो काही बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तरी तिला बरं वाटलं असतं. तो नुसता तिच्याकडं पाहत राहिला.

"म्या धाडलं व त्याले!" भरल्या विहारात भागिरथा एकदम ओरडली. "थो नाही म्हणत होता. म्याच धाडलं. मले समोर बसाचं होतं ना!"

पंचफुलाबाई सरकत सरकत जवळ आली आणि तिनं भागिरथाचा हात धरला. डोंगर तिनंच मागितला होता.

सपना मात्र डोकं शाबूत असलेली पोरगी. प्रसेनजितच्या फोटोंत त्याच्याच शाळेतली एक मास्तरीण पुष्कळदा दिसायची. मारिसेल तिचं नाव, मनिलाकडची. सपनानं तिला शोधून निरोप धाडला: प्रसेनजित कुठं आहे? त्याची आई घाबरली आहे. मग सगळ्याजणी त्या फोनकडं डोळे लावून बसल्या. बाहेर ऑटोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, पण एकही बाई उठली नाही.

फोन वाजला. टीव्हीवर एका अनोळखी बाईचा गोल, हसरा चेहरा आला. "जयभीम!" ती म्हणाली. तेवढं प्रसेनजितनं तिला शिकवलं असावं. मग ती इंग्रजीत काहीतरी बोलत कुठल्याशा खोलीत शिरली. तिला वाटलं, आईला सगळं ठाऊकच असेल, त्यामुळंच ती घाबरली असेल. म्हणून तिनं फोन सरळ पलंगाकडं वळवला.

पलंगावर प्रसेनजित होता. दाढी वाढलेली. एक पाय उशीवर, गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. मांडीवर लेकरांच्या तपासायच्या वह्या. तो दचकून ओरडला, "नको, नको!" आणि पायावर चादर ओढू लागला. पण साऱ्या विहारानं ते पाहिलं होतं.

भागिरथा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. पोरगा जिवंत होता. तिच्या जिवात जीव आला आणि लगेच दुसरी कळ उठली.

"कधी पडला रे?"

"मागच्या रविवारी. दर्शन झाल्यावर, वापस येतानी. काही नाही आई, घसरलो जरासा."

मागचा रविवार. दबका आवाज, ती बाई, ती चाकांची खडखड.

"म्या फोन केला तवा कुठी होता तू?"

त्यानं मान खाली घातली. "दवाखान्यात."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कसं सांगू? तुया मांगं बाया हसून राह्यल्या होत्या. तू लय खुश होती. एवढी खुश म्या तुले कधी पाह्यलीच नाही." मग चूक पकडलेल्या लेकरासारखं तो म्हणाला, "आज काय सांगाव, काही सुचलं नाही. म्हणून फोन बंद केला."

भागिरथा त्याच्या पलीकडं पाहत होती. एवढीशी खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दोरीवर शाळेचे दोन सदरे, खिडकीत एक भगुणं, त्यावर झाकण. बाहेर पाऊस. तिथले किती विहार तिनं पाहिले होते, कोणत्या बुद्धाचा हात कसा आहे हे तिला तोंडपाठ होतं. पोरगा राहतो ती खोली तिनं आज पहिल्यांदा पाहिली. दाखव म्हणून तिनं कधी म्हटलंच नव्हतं.

"त्या भगुण्यात काय हाय?" तिनं विचारलं.

"भात हाय. मारिसेल आणून देते."

"भाजी?"

"अंडं हाय."

मागून पंचफुलाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पाहुण्या बायांना म्हणाली, "झालं व दर्शन. चाला आता, माय-लेकाले बोलू द्या." बाया आवाज न करता उठू लागल्या. दारातला जानराव आत आला आणि टीव्हीसमोर बायकोच्या शेजारी उभा राहिला.

बाया उठताना दिसल्या तसा प्रसेनजित घाईनं म्हणाला, "आई, मावशीले सांग, प्लास्टर निघालं की पहिलं डोंगरावरच जातो. पक्कं."

"तुले वाटलं तं जाय," भागिरथा म्हणाली. "नाही वाटलं तं झोपून राह्य. अन् जाशीन तवा फोन घरीच ठेवून जायजो."