शेपटीवर बसलेलं विमान

प्लॅस्टिकचं विमान जोडताना नाकाचे दोन भाग चिकटवण्याआधी आत थोडं शिसं भरायचं असतं, नाहीतर शेपटी जड होऊन ते मागे कलंडतं. हे मी प्रत्येक नवशिक्याला ओरडून सांगतो. आणि काल शेवटचा रंग वाळल्यावर माझंच विमान टेबलावर ठेवलं, तर शेपटीवर फतकल मारून बसलं!

मी इतका बोंबललो की बायको धावत आली.

"नाक फोडावं लागणार," मी म्हणालो. "सगळी मेहनत पाण्यात!"

तिने छताच्या हुकाकडे पाहिलं. "बसवता कशाला? टांगा की. उडतंय म्हणायचं."

"अगं, चाकं बाहेर आहेत! उडताना ती आत असतात."

"मग उतरतंय म्हणा."

खरंच की! उतरताना विमानाचं नाक वरच असतं. माझा जीव भांड्यात पडला. स्टुलावर चढून मी दोरा बांधला. नाक वर करून विमान झोकात खाली येऊ लागलं. मी बघतच राहिलो.

"आता तुम्हीही उतरा," ती म्हणाली. "जेवण निवतंय."