डोंगराची शेवटची वाघीण

वाघिणीच्या पोटाखालचे दोन्ही दरवाजे उघडले, तरी आतला दगड पडेना.

"हाण रे ठोक्या!" मुकादम ओरडला. "एवढी एकच राहिलीय. तिकडे रोलर खोळंबलाय."

ठोक्याने घण उचलला, पण लगेच हाणला नाही. मालगाडीच्या वाघिणींवर घण मारून आत अडकलेला दगड मोकळा करायचा, हे त्याचं काम. त्यावरून पडलेलं नाव इतकं चिकटलं होतं, की खरं नाव आई सोडून कुणाला आठवत नसे.

दगड ज्या डोंगराचा, त्याच्याच पायथ्याशी त्याचं घर होतं. तो लहान असताना दरड कोसळली आणि वर गेलेला त्याचा बाप तिच्याखाली गेला. माणसं आली, उकरून थकली, परत गेली. आईने मात्र त्या दिवसापासून दाराला कडी लावली नाही. "हे आले आणि दार बंद दिसलं तर?" एवढंच तिचं म्हणणं. चोराची भीती घालावी, तर चोरून न्यायला घरात होतं काय!

पुढे हमरस्ता निघाला. डोंगर फुटू लागला आणि वाघिणींतून रोज थोडा थोडा रस्त्याखाली जाऊ लागला. ठोक्याने हातापाया पडून हे काम मिळवलं, ते पगारासाठी नव्हे. प्रत्येक वाघीण रिकामी होताना तो वाकून बघायचा. चपलेचा तुकडा, काठीची लोखंडी टोपी, एखादं हाड. आईच्या हातात ठेवून "बघ, आता कडी लाव" म्हणता येईल असं काहीतरी.

"डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघतो म्हणतात," मुकादम चिडवायचा, "तुझा तोही निघेना!" ठोक्या सगळ्यांबरोबर हसायचा, आणि आतून त्याला रडू यायचं.

आता डोंगराच्या जागी नुसतं आभाळ होतं. या वाघिणीतही काही नसलं, तर कधीच काही नव्हतं.

त्याने दोनदा घण हाणला.

आतून उत्तर आलं. टक्, टक्.

मुकादमाचा चेहरा उतरला. "दगड सरकला असेल."

"मग पडत का नाही?"

ठोक्याच्या अंगावर काटा आला. बापाची सवय त्याला आठवली. घर स्वतःचं, दार सताड उघडं, तरी काठीने दोनदा वाजवल्याशिवाय तो आत पाऊल टाकत नसे. मग चुलीपुढून आई हाक द्यायची. ठोक्याने घण खाली ठेवला आणि पत्र्यावर तळवा टेकला. दिवसभर उन्हात तापलेला पत्रा गार लागला.

"उघडंच आहे, बाबा," तो हळूच म्हणाला. "या."

आणि सगळा दगड एकदम खाली आला.

धूळ बसायच्या आत तो गुडघ्यांवर बसून उकरू लागला. दगड, दगड, नुसता दगड. जरा वेळाने शेजारी आणखी दोन हात उकरताना दिसले. मुकादम होता. त्याला आज उंदीर आठवला नाही.

"सोड आता," शेवटी तोच म्हणाला. "माझ्या अंगात नाही राहिलं."

"आईला काय सांगू?"

मुकादमाने खाली ठेवलेला घण उचलून त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी रिकाम्या गाडीबरोबर ठोक्या परतला, तेव्हा घराचं दार बंद होतं. त्याने ढकललं. आतून कडी होती. आईचं काही बरंवाईट तर झालं नाही ना? जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःच्या घराचं दार ठोठावलं.

"कोण?"

"मी गं."

कडी सरकली. आई ओठांवर बोट ठेवून उभी होती.

"हळू बोल. मघाशी दोनदा दार वाजलं. म्हटलं, उघडंच आहे, या." तिने मागे वळून अंधाऱ्या खोलीकडे पाहिलं. "फार दमलेत. आत्ताच डोळा लागलाय."

ठोक्या रोज पायरीवर आपटून बूट झाडायचा. आज त्याने ते धुळीसकट हातात घेतले आणि पाय न वाजवता आत गेला. मागून आईने कडी लावली.