दुसऱ्याच्या लेकीचे फोटो

संध्याकाळी दुकान बंद केलं की चष्मेवाली मागच्या खोलीत जायची. दिवसभर ज्या खोलीत ती लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, तिथेच कपडे बदलून, पळायचे बूट चढवून ती तळ्याकडे निघायची. पन्नाशी गाठल्यावर हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं होतं. खूळ तसं जुनंच. शाळेत ती पळायची, बऱ्यापैकी पळायची. मग लग्न, दुकान, लेकीची शाळा या सगळ्यात पळणं मागे पडलं ते पडलंच. आता लेक शिकायला दूर गेली, घर एकदम ऐसपैस वाटायला लागलं, आणि एका संध्याकाळी घराकडे वळायच्या ऐवजी तिचे पाय तळ्याच्या रस्त्याला लागले. पहिल्याच दिवशी अर्ध्या वाटेत तिला अशी धाप लागली की बाकावरच्या एका आजोबांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

कॅमेराही त्याच सुमारास घेतला. तळहातात मावेल एवढा, मनगटाला अडकवायच्या दोरीसकट. बटण दाबलं की भिंग गोगलगाईसारखं डोकं बाहेर काढायचं. तिचा नवरा वाचनालयात नोकरीला होता आणि मोजकंच बोलायचा. फोनमध्ये कॅमेरा असताना हा आणखी कशाला, एवढंच त्याने विचारलं. फोनवर फोन येतात, यावर येत नाहीत, असं तिने सांगितलं. त्याला ते पटलं असावं, कारण पुन्हा त्याने विषय काढला नाही.

खरं कारण तिने त्याला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं मोठं नव्हतंच. लहानपणी घरात बाबांचा एक कॅमेरा होता. कातडी पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर. त्याला हात लावायची परवानगी फक्त दादाला, तिच्या मोठ्या भावाला होती. तिने मागितला की दादा म्हणायचा, "तू पळ, मी काढतो." आणि काढायचाही. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या की दादा शेवटच्या फितीपाशी एक गुडघा टेकून बसायचा. बाबांची सक्त ताकीद असायची, एका शर्यतीला एक फोटो. रोल संपेपर्यंत महिने जायचे, मग तो धुवायला टाकायचा, आणि दुकानदाराकडून जाड पाकीट घरी आलं की सगळे जेवायच्या टेबलाभोवती जमायचे.

पाकिटातून निघायची ती हरणी. शाळेतली सगळ्यात वेगवान पोरगी. फीत छातीने तोडणारी हरणी, वेण्या हवेत उडालेली हरणी, डोळे गच्च मिटलेली हरणी. चष्मेवाली दरवेळी तिच्या मागोमाग दुसरी यायची, आणि ती येईपर्यंत दादाचा तो एकुलता एक फोटो निघून गेलेला असायचा. वर्षानुवर्षं हेच. आई त्या आल्बमला दुसऱ्याच्या लेकीचा आल्बम म्हणायची आणि पाहुण्यांना दाखवताना हसून बेजार व्हायची. चष्मेवालीही हसायची. पण तिचा स्वतःचा पळतानाचा फोटो घरात एकही नव्हता, हे तिला मनातल्या मनात लागायचं.

नवा कॅमेरा घेऊन ती पहिल्यांदा तळ्यावर गेली तेव्हा ऊन उतरून काठावरचे दिवे लागायला लागले होते. पळता पळता तिने फोटो काढून पाहिले. सगळे हललेले. झाडं फेसाळल्यासारखी, दिवे शेपट्या फुटल्यासारखे. जन्म भिंगांत गेला होता तिचा, तेव्हा चूक कुठे होतेय हे तिला कळत होतं. प्रकाश कमी, त्यामुळे कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतोय, आणि तेवढ्यात आपण दोन ढांगा पुढे. मग ती थांबली आणि उलटं करून पाहिलं. आपण उभं राहायचं आणि पळणाऱ्या माणसाबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा. एक पोट सुटलेले गृहस्थ गेले, ते अर्धेच आले. एक कुत्रं गेलं, त्याचे पायच आले नाहीत. मग राखाडी टोपी घातलेली एक बाई समोरून सरसर निघून गेली. कॅमेरा तिच्याबरोबर फिरला, आणि मागचं तळं पुसटून नुसती ती बाई स्वच्छ उमटली.

घरी येऊन चष्मेवालीने तो फोटो पडद्यावर मोठा केला. चेहरा टोपीच्या सावलीत होता. पण तिची नजर अडकली ती डाव्या कोपरावर. ते कोपर अंगापासून लांब, बाहेर काढलेलं होतं, काखेत अदृश्य गाठोडं धरल्यासारखं. हे कोपर आपण पाहिलंय, मागून पाहिलंय, पुष्कळदा पाहिलंय, एवढं तिला कळलं. ती उठली, माळ्यावरून माहेरचा आल्बम काढला आणि धूळ पुसत जमिनीवरच बसली. प्रत्येक फोटोत डावं कोपर बाहेर.

नवरा चहा घेऊन आला, वाकून दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तीच आहे."

दुसऱ्या दिवशी राखाडी टोपी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आपण उगाच मनाचे मांडे खातोय असं तिला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात एका संध्याकाळी मागून पावलांचा आवाज आला आणि ते कोपर तिच्या शेजारून पुढे निघालं. हाक मारायची तर काय म्हणून मारायची, हा प्रश्न पडला. शाळेत तिचं खरं नाव कुणी वापरतच नसे, त्यामुळे ते आठवेना.

"हरणी," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही.

पुढची पावलं थांबली. बाई वळली, टोपी मागे सारली, आणि चष्मेवालीच्या काचांआड बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख उतरली.

"ढापणी ना तू?"

शाळेतलं नाव. घरी, दुकानात, कुणालाही ठाऊक नसलेलं. ऐकून चष्मेवालीला हसू आलं.

दोघी बाकावर बसल्या. हरणी शाळेची बस चालवत होती. सहली निघाल्या की घरी यायला उशीर होतो, म्हणून मधले दिवस आली नव्हती. दिवसभर बसून पाठ धरते, पळाल्याशिवाय झोप लागत नाही, असं म्हणाली. पोरं आरशातून दिसतात, आणि मागच्या बाकावर कोण काय करतंय हे तिला न वळता कळतं. चष्मेवालीने चष्म्याचं दुकान सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. ढापणीने दुनियेला ढापणं लावलं म्हणायचं. मास्तर, मैदान, चुन्याने पांढरे झालेले पाय, सगळं निघालं. चष्मेवालीने मग फोटोंचं सांगितलं.

"माझे फोटो? तुझ्याकडे?"

"सगळे तुझेच आहेत. माझा एकही नाही."

हरणीकडे लहानपणचं काहीच उरलं नव्हतं. वडील लवकर गेले. आई कपडे इस्त्री करायच्या दुकानात कामाला होती, आणि दोघी भाड्याच्या खोल्या बदलत राहिल्या. अशाच एका सामान हलवण्यात एक ट्रंक गेली ती गेली. पोरीला आपण कसे दिसायचो हे दाखवायला एक कपटा नाही, असं ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर नवऱ्याने आल्बममधले फोटो सोडवून दिले. चष्मेवाली नखाने खरवडायला निघाली होती, पण त्याने तिचा हात धरला. वाचनालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करताना बारीक दोरा वापरतात, तसा दोरा फोटोच्या मागून सावकाश ओढत त्याने एकेक फोटो सुटा केला. सकाळी खिडकीच्या उजेडात तिने प्रत्येकाचा नव्या कॅमेऱ्याने फोटो काढून ठेवला. मूळचे मात्र हरणीला द्यायचे, हे तिचं ठरलं होतं.

हरणीने ते बाकावर बसून पाहिले. स्वतःला पाहून हसली, वेण्यांना हसली. मग एका फोटोवर तिचा हात थबकला. तो फोटो चष्मेवालीने आयुष्यभर पाहिला होता, पण फीत तोडणाऱ्या पोरीच्या मागे काय आहे हे कधी निरखलं नव्हतं. दोरीपलीकडे गर्दीत एक किडकिडीत बाई उभी होती, कामावरच्या कपड्यांत, केस विस्कटलेले. सगळे टाळ्या वाजवत होते. ती वाजवत नव्हती, कारण तिच्या हातांत चपलांचा जोड होता. छातीशी धरलेला, पुस्तक धरावं तसा.

"मी अनवाणी पळायचे," हरणी म्हणाली. "माझ्या चपला कुणी नेऊ नयेत म्हणून ती धरून उभी राहायची. दुकानातून पळत यायची, शर्यत झाली की पळत जायची."

ती बराच वेळ फोटोवर अंगठा फिरवत राहिली, चेहऱ्यावर नाही, चपलांवर. मग सांगायला लागली. आईचं तोंड तिला हल्ली म्हातारपणचंच आठवायचं, आजारपणातलं. हे तोंड ती विसरून गेली होती.

चष्मेवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार.

घरी येऊन तिने दादाला फोन लावला. दादा आता आजोबा झाला होता, ऐकायला कमी यायचं, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली. हरणीच्या आईचं ऐकून तो खूप वेळ हं हं करत राहिला. मग चष्मेवालीने इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. दरवेळी तिचाच फोटो कसा काय निघायचा? थोडं थांबून मला टिपता येत नव्हतं का?

"अगं, थांबायचं कशाला," दादा म्हणाला. "मी डोळा लावून बसायचो, आणि मनात पक्कं असायचं की पहिली तूच येणार. फीत हलली की बटण दाबायचं, एवढंच ठरवलेलं. दरवेळी."

ती फोन धरून उभी राहिली. दरवेळी हरलेली बहीण आणि दरवेळी तिच्यावर भरवसा ठेवून गुडघा टेकून बसलेला तो मुलगा, तिला दोघांचंही एकदम फार प्रेम आलं. दादा पलीकडून विचारत होता, ऐकू येतंय का. येतंय, ती म्हणाली, स्पष्ट येतंय.

त्यानंतर ज्या दिवशी बस वेळेत सुटायची त्या दिवशी दोघी एकत्र पळायला लागल्या. पहिल्या संध्याकाळी चष्मेवालीला वाटलं, आपला दम चांगलाच वाढलाय. अर्धं तळं झालं तरी ती हरणीच्या बरोबरीने होती. मग तिच्या लक्षात आलं, हरणी ढांगा आखडत्या घेतेय. तिने सरळ सांगितलं, माझ्यासाठी हळू पळू नकोस, तुझं तू पळ.

हरणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, हसली आणि सुटली. वळणावर पोचेपर्यंत ती टोपीएवढीच उरली. चष्मेवाली आपल्या चालीने पळत राहिली. तळ्यावर वारा सुटला होता, काठावरचे दिवे एकामागून एक लागत होते, आणि वळणापलीकडे, कमरेवर हात ठेवून, हरणी तिची वाट बघत उभी होती.