डाव्या अंगठ्याखाली

"चालतोय की," रायलीने पट्ट्यातली सर्किटची पाटी उचलून म्हटलं. पडद्यावर लाट एकसारखी उमटत होती.

समोर उभ्या असलेल्या हार्कोनेनने टोपी काढली नाही. "तुझ्या हातात सगळंच चालतं गं. माझ्या कुत्रीच्या गळ्यात नाही चाललं."

एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या, शिकारीला त्याची कुत्री पुढे धावली. पट्ट्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता, पण त्याच्या हातातल्या फोनच्या नकाशावर ती दिसलीच नाही. तिसऱ्या दिवशी रेल्वेरुळाशेजारी मेलेली सापडली. पट्टा त्याने पुसून आणला होता. तो तिच्याकडेच सोडून हार्कोनेन निघून गेला. परत कधी मिळेल, हे विचारलं नाही.

रायली केम्पाइनेन कायानी गावातल्या या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होती. शिकारी कुत्र्यांचा माग दाखवणारे पट्टे इथे बनत. प्रत्येकात नखाएवढी चिप आणि शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा स्फटिक. स्फटिक थरथरला की चिपला ठोका मिळतो. नाही थरथरला, तर बॅटरी भरलेली, दिवा लागलेला आणि आत सगळं मुकं. थरथर सुरू होते का, तेवढं पाहून रायली कागदावर 'रा. के.' लिहायची. या खेपेत तिने ते दोनशे चाळीस वेळा लिहिलं होतं. पंधरा दिवसांनी ती निवृत्त होणार होती.

"स्फटिकवाल्यांनी भंगार माल पाठवलाय," इंजिनियर तुओमो म्हणाला. "त्यांना झणझणीत पत्र लिहितो. तू कशाला डोकं शिणवतेस? कॉफी पी."

"तीच पितेय. सकाळपासून चौथी."

तो गेल्यावर तिने पाटी टेबलावर आडवी ठेवली आणि पाटीला हात न लावता, नुसती तपासणीची सुई टेकवून बटण दाबलं. पडद्यावर सपाट रेघ. पुन्हा दाबलं. रेघच. दहा वेळांत लाट चारदा उठली. मग तिने नेहमीसारखी पाटी डाव्या हातात उचलली, उजव्या हातातली तपासणीची सुई टेकवली. लाट लगेच आली.

तिने डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठा स्फटिकाच्या दोन्ही धातूच्या पायांवर टेकला होता. एकतीस वर्षं तो तिथेच टेकत आला होता. जुन्या पाट्यांना त्याची गरज नव्हती. ही नवी पाटी आळशी होती. अंगठ्याच्या स्पर्शाने ढकलल्यासारखी सुरू व्हायची.

हे कुणीही पाहिलं नव्हतं. उरलेली कॉफी संपवून ती तुओमोच्या खोलीत गेली.

"पत्र थांबव. स्फटिक चांगला आहे. अंगठा वाईट आहे, माझा."

तिने करून दाखवलं. हात लावून, हात न लावता. तुओमोने अर्धवट पत्र बाजूला सारलं आणि नव्या पाटीचा आराखडा उघडला.

"स्फटिकाशेजारचे दोन्ही कपॅसिटर मीच मोठे घातले," तो म्हणाला. "पैसे नाही, डोकं वाचवलं. जुन्या पाटीचेच उचलले. या स्फटिकाला ते जड पडतात, थरथर सुरूच होत नाही."

"मग चूक दोघांची. निरोपाचा केकही दोघांत वाटून खाऊ."

विकलेल्या ऐंशी पट्ट्यांच्या मालकांना फोन गेले. हाती असलेल्या प्रत्येक पाटीवर लहान कपॅसिटर बसले. पाट्या कॅन्टीनच्या फ्रीझरमध्ये, कुणाच्या तरी एल्कच्या मांसाशेजारी तपासणीआधी गारठवल्या गेल्या, कारण शिकारीच्या थंडीत बॅटरीही मंदावते. रायलीने घरून कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आणला. पाटी चिमट्यात, सुई उजव्या हातात. एका पाटीला दहा वेळा.

शेवटच्या दिवशी केक कापला, दोन वाक्यांचं भाषण झालं. मग ती पुन्हा टेबलाशी बसली. नऊ पट्टे अजून परत आले नव्हते. कागदावर त्या नऊ पट्ट्यांच्या क्रमांकांपुढचं 'रा. के.' तिने खोडलं.

तपासायचा एकच पट्टा उरला होता, हार्कोनेनचा. आतल्या बाजूला सुरीने कुत्रीचं नाव कोरलं होतं, 'रुस्का'. तिने पाटी चिमट्यात धरली, बटण दाबलं. लाट आली. दहापैकी दहा वेळा आली.

तिचा डावा हात मांडीवर होता, अंगठा मुठीत मिटलेला.