सरदाराचा 'स्स्स'

सिनेमा दुपारी तीनचा होता आणि आत्या अकरापासूनच नटूनथटून बसली होती. भाची न्यायला आली, तर आत्याने तिला दारातच गाठलं.

"फोटो तरी दाखव ना त्या दातांचा!"

"पडद्यावरच बघायचे. ठरलंय आपलं."

दोघींचा धंदा एकच, कवळ्या बनवायचा. एकेचाळीस वर्षांपूर्वी आत्या नुकती कामाला लागली होती, तेव्हा एका सिनेमावाल्याने तिच्याकडून रक्तपिपासू सरदाराचे सुळे करून घेतले होते. सिनेमा तुफान चालला. सरदार जिना उतरतो, ओठ मागे ओढतो आणि दातांच्या फटीतून 'स्स्स' करत हवा आत घेतो. त्या एका आवाजाने लोकांची पाचावर धारण बसायची. पोरंसोरं गल्लीबोळांत तोच आवाज काढत एकमेकांच्या मानेवर धावून जायची. आता तोच सिनेमा नव्याने आला होता, आणि नव्या सरदाराचे सुळे भाचीने केले होते.

काम काही सरळ झालं नव्हतं. वर्षभरापूर्वी भाची तोंड पाडून आत्याकडे आली होती.

"आत्या, दात अगदी चपखल बसलेत. तो नट ते घालून सफरचंदसुद्धा खातो. पण दिग्दर्शक बाई म्हणतात, जुन्यासारखा 'स्स्स' येत नाही. तो बिचारा करतो, तर सायकलची हवा गेल्यासारखं वाटतं. तुझ्या दातांत असं होतं तरी काय?"

आत्या मटार सोलत होती. तिचा हात थांबला.

"सांगते. पण हसायचं नाही."

"नाही हसणार."

"सैल होते."

"काय?"

"दात सैल होते गं! एवढा मोठा नट समोर तोंड उघडून बसलेला. माप घेताना माझा हात थरथरला. दात लागले डुगडुगायला. ते पडू नयेत म्हणून तो सारखी हवा आत ओढायचा. आपल्याकडे सैल कवळीवाले आजोबा येतात, ते करतात ना, तेच. लोक म्हणाले, काय अभिनय! मी मूग गिळून गप्प."

भाची हसता हसता खाली फरशीवर बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मग मीही थोडे सैल करते."

"खबरदार! माझी चूक त्याच्या तोंडात कशाला कोंबतेस? तुझे दात घट्ट आहेत ना? मग त्याला बोलू दे की. माझ्या सरदाराला धड एक वाक्य बोलता येत नव्हतं."

भाचीने आत्याचा हा सल्ला दिग्दर्शक बाईंच्या कानावर घातला. बाई फोनवर "बघते," एवढंच म्हणाल्या. पुढे त्यांनी काय केलं, हे भाचीलाही ठाऊक नव्हतं.

थिएटर खच्चून भरलं होतं. आत्याची टकळी सुरूच होती. "आमच्यात धूर जास्त होता. ही हिरॉइन मात्र आमच्यापेक्षा शहाणी आहे, निदान दाराला कडी तरी लावते." पुढच्या रांगेतल्या एकाने दोनदा वळून बघितलं.

मग जिना आला.

सगळे श्वास रोखून वाट बघू लागले. मागून कोणीतरी आधीच 'स्स्स' केलं आणि हशा पिकला. सरदार एकेक पायरी उतरला. ओठ मिटलेलेच. समोर लटपटणाऱ्या हिरॉइनला तो अगदी मायेने म्हणाला, "दमला असाल. बसा ना."

ती बसली.

"पाणी आणू?"

तिने मान हलवली. आणि तो हसला. घरच्यासारखा, प्रसन्न. तेव्हा कुठे ते सुळे दिसले, पांढरेशुभ्र आणि नेमके, जणू त्याच्या तोंडात जन्मापासूनच असावेत. अख्खं थिएटर किंचाळलं. आत्याने भाचीचा दंड असा आवळला की नखं रुतली.

"काय दात केलेस गं कार्टे!" ती भर थिएटरात ओरडली. चहूकडून "शूऽऽ" झालं. भाचीला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना.

बाहेर पायऱ्यांवर जुन्या सरदाराचं चित्र असलेला टी-शर्ट घातलेला एक टकलू गृहस्थ तावातावाने बोलत होता. "जुन्याची सर नाही! तो आवाज म्हणजे तपश्चर्या होती. सहा महिने सापांबरोबर राहिला होता तो नट."

"दात सैल होते हो त्याचे," आत्या म्हणाली. "मीच केले होते."

गृहस्थाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आजी, काहीही काय!" म्हणत तो दुसऱ्या घोळक्याकडे वळला.

आत्याला हसू आवरेना. "एकेचाळीस वर्षं जीव मुठीत धरून लपवलं गं! आणि सांगितलं, तर कोणी विश्वासच ठेवत नाही!"

"ते जाऊ दे. खरं सांग, कुठला चांगला?"

"जिना तुमचा. माझ्या अंगावर अजून काटा आहे, बघ. पण शेवट आमचाच. तुमचा सरदार मरताना केवढं भाषण ठोकतो! घट्ट दातांचा तोटा."

"छे! ते भाषण तर सगळ्यात भारी आहे. तू नीट ऐकलंच नाहीस, रुमाल शोधत होतीस."

"मी? मी सगळं ऐकलं."

"मग शेवटचं वाक्य सांग."

"पुन्हा बघून सांगते!" दोघी भांडत भांडत पुन्हा तिकिटाच्या खिडकीपाशी गेल्या. सहाच्या खेळाला दोनच जागा उरल्या होत्या, त्याही पडद्याला चिकटून पहिल्या रांगेत. भाचीने "घ्यायची का?" विचारायच्या आधीच आत्याने खिडकीत पैसे पुढे केले.