आपला म्हणजे कुणाचा?

गावातल्या साप्ताहिकाच्या मागच्या पानावर ‘चौकातून’ नावाचं एक सदर यायचं. ते लिहिणाऱ्या बाईला गावातल्या झाडून सगळ्या गोष्टींबद्दल मत होतं. वाचनालय नेमकं दुपारीच बंद का असतं, यावर मत. कचरागाडीच्या भोंग्यावरचं गाणं एकदाचं बदला, हे मत. नगरपालिकेने शाळेसमोर गतिरोधक घातला तेव्हा तो इतका उंच का म्हणून तिनेच लिहिलं, आणि तासून खाली आणला तेव्हा आता तो ठेवलाय तरी कशाला म्हणूनही तिनेच लिहिलं. सदराखाली तिचं खरं नाव नसे, नुसतं ‘क्वार्टरवाली’ असे. गावाच्या टोकाला जवानांच्या कुटुंबांसाठी क्वार्टर्स होते. तिथे ती सासूबरोबर राहायची, आणि हे नाव तिला भाजीवालीने पाडलं होतं. आधी तिला राग आला. पण नाव एकदा चिकटलं की काय निघतंय, म्हणून तिनेच ते उचलून सदराखाली लावून टाकलं.

“नवरा तिकडे सीमेवर, आणि ही इथे गावाची उणीदुणी काढत बसते,” असं म्हणणारे होते. तेसुद्धा पेपर हातात आला की आधी मागचं पान उघडायचे, हा भाग वेगळा.

खरं सांगायचं तर बाई गावासाठी लिहीतच नव्हती. ती एका माणसासाठी लिहायची. तिचा नवरा हवालदार होता, डोंगरावरच्या एका चौकीत. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. चौकीत फोन एकच, मागे पोरांची रांग, आणि इकडे सासूबाईंना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू. अशा फोनवर नवराबायको काय बोलणार, कपाळ! जेवलात का, गुडघा कसाय, थंडी आहे का, ठेवतो. म्हणून जे फोनवर बोलता येत नसे ते ती सदरात घालायची. रसदीच्या गाडीबरोबर शिळ्या पेपरांचा गठ्ठा वर जायचा, आणि तो माणूस तो पेपर जाहिरातींसकट वाचायचा. त्यामुळे बेकरीबद्दल लिहिताना बाई मध्येच लिहून जाई, ‘बेकरीबाहेरचं बाकडं मोडलं आहे. सुट्टीवर आले की बायकोला घेऊन तासन्‌तास त्यावर बसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.’ गाव म्हणे, काय टोमणा मारलाय! टोमणा कसला, ती त्याला हाक मारत होती.

तिचा असा ठाम समज होता की गावातलं काय बदललं, काय मोडलं, कुठे नवा दिवा लागला हे त्याला कळत राहिलं तर तो इथलाच राहील. आला की परक्यासारखा उंबऱ्यात उभा राहणार नाही.

तर झालं असं की नगरपालिकेने क्वार्टर्सच्या फाटकासमोरचा बसथांबा उचलून नव्या बाजाराजवळ न्यायचं ठरवलं. संपादक, जो छापखान्याचा मालक, मुद्रितशोधक आणि वेळप्रसंगी पेपर टाकणाराही होता, तो स्वतः निरोप घेऊन आला.

“वहिनी, या थांब्यावर तुम्हीच लिहायला हवं. जरा तिखट येऊ द्या.”

तिने लिहिलं, आणि काय लिहिलं! सुट्टीवर येणारा प्रत्येक जवान त्या थांब्यावर उतरतो. पत्र्याची ट्रंक खाली ठेवतो आणि आधी फाटकाकडे बघतो. फाटकातून कोण कोण धावत येतं ते तिने लिहिलं. जे धावत नाही, नुसतंच पदर सावरत उभं राहतं, तेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, ‘आपला थांबा हलवू देऊ नका.’ क्वार्टर्समधल्या बायकांनी तो मजकूर कापून स्वयंपाकघरात चिकटवला. एकीने तर गॅसच्या इतका जवळ चिकटवला की तिसऱ्या दिवशी त्यावर फोडणी उडाली.

पुढच्या अंकात उत्तर आलं. उत्तर देणारे मास्तर निवृत्त होते. व्याकरणाची चूक दिसली की त्यांना अन्न गोड लागत नसे. ‘लेखिकाबाई आपला थांबा म्हणतात,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘आपला म्हणजे कुणाचा? आपल्या भाषेत आमचा वेगळा आणि आपला वेगळा. आपला म्हणताना ऐकणाराही त्यात धरावा लागतो. उद्या बदली आली की बाईंचं सामान ट्रकमध्ये चढेल. नव्या बाजारात दळण घेऊन पायी जाणारे आम्ही मात्र इथेच राहू. पाहुण्यांनी आमचा म्हणू नये, आणि आपला तर नाहीच नाही.’

बाईचा तिळपापड झाला. चहा गॅसवर उतू गेला तरी तिचं लक्ष नाही.

“पाहुणी म्हणे! त्यांच्या वाचनालयाचं कुलूप कुणी उघडायला लावलं? मी!” ती सासूबाईंना म्हणाली. “आता बघाच आई, मास्तरांची सालंच काढते.”

“काढ,” सासूबाई गुडघ्याला तेल चोळत म्हणाल्या. “पण आधी गॅस पूस.”

उत्तराचा कच्चा मजकूर तयार होता, त्यात मास्तरांच्या चष्म्यापासून छत्रीपर्यंत कशाचीच गय केलेली नव्हती, आणि तेवढ्यात रविवार आला.

फोन वाजला. स्पीकर लागला. आवाज लांबून, वाऱ्यातून आल्यासारखा.

“आपल्याकडे काल दिवसभर वीज नव्हती,” तो म्हणाला.

“होती की हो,” ती हसत म्हणाली. “कालच तर मी मिक्सर लावला. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“म्हणजे इकडे,” तो म्हणाला. “चौकीत. तुमच्याकडे सगळं ठीक ना?”

आपल्याकडे म्हणजे तिकडे. आणि हे घर, ही आई, ही बायको, खिडकीतला त्याने लावलेला पडद्याचा वाकडा दांडा, हे सगळं तुमच्याकडे. तो काही वाईट हेतूने बोलला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. मुद्दाम बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

“ऐक ना,” तो घाईने पुढे म्हणाला. “साहेब विचारत होते. माझी इथली मुदत संपत आलीय. पण नवीन पोरं आलीत, कोवळी आहेत. आणखी एक मुदत राहशील का, म्हणाले. जबरदस्ती नाही. तू काय म्हणतेस?”

आता हे नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर बाईला वेडी म्हणाल. क्वार्टर्समध्ये नवी सून आली की जुन्या बायका तिला पाणी कधी येतं ते सांगतात, आणि मग फोनवर कसं बोलायचं ते सांगतात. रडायचं नाही. कधी येणार विचारायचं नाही. दुखणंखुपणं सांगायचं नाही. आणि शेवटी एक वाक्य म्हणायचं. सासूबाईंनी स्वतः ते फौजेतल्या नवऱ्याला जन्मभर म्हटलं होतं आणि मग सुनेला शिकवलं होतं. त्या वाक्याची जिभेला इतकी सवय झालेली असते की झोपेतून उठवलं तरी तेच बाहेर पडेल.

“तुम्हाला योग्य वाटेल ते करा,” ती म्हणाली. “आमची काळजी करू नका.”

“बरं,” तो म्हणाला. मागून कुणीतरी खोकलं. फोन बंद.

तिने फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिली. आमची. तो तुमच्याकडे म्हणाला ते तिला टोचलं होतं, पण आमची तर ती स्वतःच म्हणाली होती. आजच कशाला, दर रविवारी म्हणत होती. आमचं ठीक आहे, आमचं जेवण झालं, आमची काळजी करू नका. दर आठवड्याला एका वाक्याने ती त्याला घराबाहेर काढत होती, आणि मग त्याने घरात राहावं म्हणून पेपरात बाकड्यांच्या बातम्या देत होती. मास्तरांनी छापील अक्षरांत सांगितलं होतं ते तिला आत्ता ऐकू आलं. ऐकणाराही त्यात धरावा लागतो.

तिला तो हवा होता. सुट्टीपुरता नाही, रोजचा. घोरणारा, टॉवेल पलंगावर टाकणारा, मीठ कमी आहे म्हणणारा. एवढी साधी गोष्ट तिने कधी कुणालाही सांगितली नव्हती, त्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी ती छापखान्यात गेली. मास्तर तिथे आधीच येऊन बसले होते, पुढच्या हल्ल्याचा मजकूर खिशात घेऊन. संपादकाने दोघांना समोरासमोर बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर दिवे लागले.

“या वहिनी, या. झालं का उत्तर?”

“उत्तर नाही,” ती म्हणाली. “मास्तर, तुमचं बरोबर आहे. आपला म्हणायला ऐकणारा सोबत लागतो.”

मास्तर गडबडले. मतभेदाची त्यांना सवय होती, मान्य करणारं माणूस त्यांना झेपेना. त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला.

“तसं म्हणजे... मी केवळ भाषेच्या अंगाने लिहिलं होतं,” ते पुटपुटले. “बाईमाणसाचं मन दुखवायचा हेतू नव्हता. थांबा तुमच्या फाटकाशी राहिला तरी माझी काही... मी चालतो तसाही.”

“अहो, असं काय करता!” संपादक कळवळला. “आत्ता कुठे अंक हातोहात खपायला लागला होता!”

त्या आठवड्यात सदर आलं नाही. गावात चर्चा झाली, बाईने शेपूट घातली. भाजीवालीने विचारलं, बरं नाही का. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. बाई आठवडाभर एकच वाक्य मनात घोळवत होती. भांडी घासताना म्हणून बघायची, कपडे वाळत घालताना म्हणून बघायची. दोनचारशे वाचकांसमोर नगराध्यक्षाला फैलावर घेणारी ही बाई, आणि नवऱ्याला सहा शब्द बोलायचे तर तालीम करावी लागत होती. या रविवारी सांगायचंच. पुढची मुदत घेऊ नका. घरी या.

रविवारी फोन वाजला तेव्हा तिने पहिल्याच घंटीला उचलला.

“अहो, आधी माझं ऐका...”

“थांब, आधी चांगली बातमी,” तो म्हणाला. आज आवाज स्वच्छ होता, अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. “परवा साहेबांना हो म्हणून टाकलं. कागद पुढे गेला. साहेब म्हणाले, घरचे काय म्हणतात? मी सांगितलं, आमच्या घरची बाई वाघीण आहे, काळजी करू नका म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या बघ.”

सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या. बाहेर नळावर कुणाची तरी बादली भरून वाहत होती, कुणी नळ बंद करत नव्हतं.

“काय गं? तू काय सांगत होतीस?”

सांगून आता उपयोग नव्हता. कागद पुढे गेला होता, आणि फौजेत पुढे गेलेला कागद मागे येत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. सवयीचं वाक्य जिभेवर येऊन उभंच होतं. ते म्हटलं असतं तर सगळं नेहमीसारखं पार पडलं असतं. तिने सासूबाईंकडे बघितलं. आयुष्यभर तेच वाक्य म्हटलेल्या त्या बाईने हळूच मान हलवली, नाही म्हणून.

“मला तुमच्याशिवाय करमत नाही,” ती म्हणाली.

स्पीकर चालू होता. खिडकी उघडी होती. नळावरच्या बायका गप्प झाल्या होत्या, आणि तिकडची खोकणारी रांगही.

तो म्हणाला, “परत म्हण.”

ऐकू आलं नाही म्हणून म्हणाला, की ऐकू आलं म्हणून, ते तिला कळलं नाही. तिने फोन तोंडाजवळ धरला आणि परत म्हटलं, मोठ्याने.