चार आणि पाच नंबरमधली भिंत

लेम्मानं रेडिओचा कान पिरगाळला आणि तो भिंतीकडे बघत बसला. बातम्या सुरू झाल्या. आता पाच नंबरच्या खोलीतून तीन दणके यायला हवे होते. परवा आले होते, काल आले होते. काल तर दणक्यांच्या जोडीला ‘ओ रेडिओवाले आजोबा, अख्खं गाव बहिरं आहे का?’ असंही आलं होतं. आज बातम्या संपून प्रार्थना लागली तरी भिंत गप्प.

लेम्माला करमेना. भांडायची तयारी करून बसावं आणि समोरच्यानं यायचंच नाही, म्हणजे काय? त्यानं रेडिओ बंद केला.

भिंत कसली, प्लायवूडचा तक्ता तो, वर हिरवा रंग. रेडिओ थांबताच पलीकडचं बोलणं एकाच खोलीत बसल्यासारखं ऐकू यायला लागलं. पाच नंबरमधला मुलगा फोनवर होता.

“नाही मामा, चिडलो नाही... राहू द्या ना, ‘शुक्रवारी निघालो असतो तर’ हे आता कशाला? घाटात ट्रक आडवा झाला, त्याला तुम्ही काय करणार? ... उद्या दुपारी उघडतोय का रस्ता? ... बरं. आधी तिघंही काहीतरी खाऊन घ्या. उन्हात उभे राहू नका... होईल, होईल काहीतरी.”

फोन बंद झाला. खाट करकरली. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. लेम्मानं रेडिओ पुन्हा लावला नाही.

दिरे दावा शहराच्या बाजारामागचं हे हॉटेल. पाटीवरचं नाव कधीच उडून गेलं होतं, त्यामुळे सगळे त्याला आत्सेदेचं हॉटेल म्हणत. मधे अंगण, भोवती नऊ खोल्या, अंगणात पाण्याचं एक पिंप आणि त्यावर साखळीनं बांधलेला तांब्या. लेम्मा दर दोन महिन्यांनी असेला या आपल्या गावाहून घोंगड्या आणि कापड घ्यायला इथं येई, गेली वीस वर्षं चार नंबरमध्येच उतरे आणि पोचल्या दिवसापासून निघेपर्यंत हॉटेलाला नावं ठेवी. खाट खचलेली, पाणी पहाटे तासभर, डास मात्र चोवीस तास. उद्या सकाळी त्याचा माल ट्रकवर चढायचा होता आणि तो सुटणार होता.

तो अंगणात आला तेव्हा आत्सेदे कॉफीच्या बिया भाजत होती. सहा नंबरचा हाजी नुरेदिन शेजारी स्टुलावर. हाजी जिजिगाचा, चष्म्यांचा व्यापारी. कुणाच्याही भानगडीत न बोलावता पडणारा आणि वर आभारांची अपेक्षा न ठेवणारा. त्याच्या पलीकडे आठ नंबरचे मास्तर गेब्रू, पेन्शनच्या कागदांसाठी आलेले. त्यांना ऐकू येत नसे, म्हणून ते सगळ्यांबद्दल चांगलंच बोलत.

पाच नंबरचं दार उघडलं. मेक्बिब बाहेर आला. तिशीचा असेल. तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लपत नव्हते.

“काय रे, तुझी वडीलमंडळी पोचली का?” आत्सेदेनं विचारलं.

“नाही एतेये. घाटात अडकलीत. उद्यापर्यंत येत नाहीत.” थोरल्या बाईला इथं एतेये म्हणत, थोरल्या पुरुषाला गाशे.

आत्सेदेच्या हातातला झारा थांबला. मेक्बिब कशासाठी आलाय हे हॉटेलात सगळ्यांना माहीत होतं, कारण आत्सेदेला माहीत होतं. तो कोंबोल्चाच्या सूतगिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. इथल्या बेयेनेची मुलगी हिरुत दोन वर्षं तिथं नोकरीला होती, तिथं दोघांचं जमलं. आज ऊन उतरल्यावर मेक्बिबच्या बाजूच्या तीन वडीलधाऱ्यांनी बेयेनेच्या दारी जाऊन मुलगी मागायची होती. मुलगा स्वतः जात नाही, तसा रिवाजच नाही. बेयेने आधीच नाखूश, परमुलखातला मुलगा, इथं त्याला ओळखतं कोण? दिलेल्या दिवशी कुणी गेलंच नाही तर ते दार कायमचं बंद.

“दिवस पुढं ढकल म्हणावं,” आत्सेदे म्हणाली.

“हिरुत म्हणते, वडील त्याचीच वाट बघतायत. आले नाहीत, विषय संपला, असं म्हणायला ते मोकळे.”

हाजीनं टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. “तीन म्हातारे पाहिजेत ना? मग इथं काय दुष्काळ आहे? मी एक, मास्तर दोन, लेम्मा तीन.”

“मला मोजू नकोस,” लेम्मा म्हणाला.

“अरे, जाऊन यायचं, दोन गोड शब्द बोलायचे...”

“मी कुणासाठी शब्द टाकत नाही. ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी तर नाहीच.”

मेक्बिब पटकन म्हणाला, “बरोबर आहे गाशेंचं. हाजी, राहू द्या.” आणि लेम्माकडे वळून, “गाशे, काल रेडिओवरून बोललो ते... जास्तच बोललो.”

“बोललास ते बोललास,” लेम्मा गुरगुरला. “आज का नाही बोललास?”

पिंपातून मेक्बिबनं अर्धा तांब्या पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि तो खोलीत गेला.

आत्सेदेनं कॉफीचा पहिला कप लेम्माला दिला नाही, मास्तरांना दिला. वीस वर्षांत असं प्रथमच झालं.

“वीस वर्षं माझ्या हॉटेलाला नावं ठेवता ते सोसलं मी, गाशे लेम्मा,” ती म्हणाली. “पण एवढं कठीण काळीज त्या थंड गावातून आणलं होतंत, हे नव्हतं माहीत.”

लेम्मानं मान फिरवली. त्याच्या घरी असेलाला त्याची मुलगी आस्तेर होती आणि तिचा लहान मुलगा. आस्तेरला मागायला तीन नव्हे, सात जण आले होते. सातही जण त्या मुलाचं घराणं पणज्यापर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवत होते. लेम्मानं त्यांचा शब्द मानला आणि दोन वर्षांनी आस्तेर एका पिशवीनिशी परत आली, डाव्या हाताला प्लास्टर. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी भाजीमिठापलीकडे बोलत नव्हते. ती त्याला दोष देत नव्हती, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

कॉफी दुसऱ्यांदा उकळली. लेम्मा पाच नंबरच्या बंद दाराकडे बघत होता. ‘आधी तिघंही काहीतरी खाऊन घ्या’ हे वाक्य काही केल्या त्याच्या कानातून जाईना. ज्या मामानं घात केला त्यालाच हा विचारत होता, जेवलात का.

“मागणीला जायला लागते ती पांढरी शाल कुणाकडे आहे?” त्यानं विचारलं. “मी आणलेली नाही.”

आत्सेदे उठली. तिच्या नवऱ्याची होती, पेटीत. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तिनं ती लेम्माच्या खांद्यावर टाकली आणि मग त्याला कॉफी दिली, साखर दोन चमचे.

ऊन उतरल्यावर तिघे एका रिक्षात कोंबून बसले. मास्तर मधे. रिक्षा कोरड्या नदीपात्रावरचा पूल ओलांडून झाडांच्या रस्त्याला लागली. जाड शालीखाली लेम्मा घामानं निथळत होता.

“मी बोलतो सगळं,” हाजी म्हणाला. “तू फक्त मान हलव. त्याचा बाप माझा जुना दोस्त होता असं सांगायचं.”

“त्याचा बाप कसा होता माहीत आहे का तुला?”

“दोस्त होता म्हणजे चांगलाच असणार.”

बेयेने दारातच उभा होता. जुन्या रेल्वेतला माणूस, उंच, हाडकुळा, मनगटावर भलंमोठं घड्याळ. त्यानं तिघांना आत नेलं. आतल्या खोलीच्या दारावर पडदा होता, त्याच्यामागे कपांचा किणकिणाट चालला होता.

“बसा.”

“आधी मागणं, मग बसणं,” हाजी रिवाजाप्रमाणे म्हणाला. तिघे उभेच राहिले. “मुलाचं नाव मेक्बिब, वडील तेशोमे, आजोबा वोल्देमारियाम. घर चांगलं, हाताला काम आहे. त्याला तुमचा मुलगा करून घ्या, एवढंच मागायला आलोय.”

“तुम्ही कधीपासून ओळखता त्याला?”

हाजीनं गुडघ्याजवळ हात धरला. “एवढासा होता तेव्हापासून.”

“म्हणजे तुम्ही कोंबोल्चाचे?”

“येणंजाणं असतं.”

“मग तेशोमेला पाहिलं असेल तुम्ही. कशानं गेले ते?”

हाजीनं टोपी सारखी केली. छातीवर हात ठेवला, मग खाली घेतला. मास्तरांना वाटलं आपली पाळी आली. ते हसून म्हणाले, “फार सज्जन मुलगा.”

बेयेनेच्या चेहऱ्यावर जो संशय उमटायला लागला तो लेम्माला ओळखीचा होता. ते सात जण बोलत होते तेव्हा आपणही असंच तोंड करायला हवं होतं, असं त्याला पुष्कळदा वाटून गेलं होतं.

“हाजी, पुरे,” तो म्हणाला. “साहेब, याची खरी माणसं घाटात अडकलीत. आम्ही तिघं बाजारामागच्या हॉटेलात उतरलोय. मुलाला मी तीन दिवस ओळखतो. ओळखतो कसला, आमच्यात एक भिंत आहे.”

पडद्यामागचे कप थांबले.

“तीन दिवस,” बेयेने म्हणाला. “आणि तेवढ्यावर मी मुलगी देऊ?”

“ते तुमचं तुम्ही बघा. मी जे ऐकलं तेवढं सांगतो.” लेम्मानं शालीच्या टोकानं मान पुसली. “रागीट आहे. माझा रेडिओ मोठा असतो, म्हणून भिंत बडवतो. मला म्हणाला, गाव बहिरं आहे का. आंघोळ करताना गातो, फार वाईट गातो. आईशी खोटं बोलतो. पाव आणि चहावर दिवस काढतो आणि तिला सांगतो, आज मटण खाल्लं. आणि आज सकाळी त्याच्या मामानं, ज्यानं दोन दिवस उशीर केला त्यानं, फोन केला की आम्ही येत नाही. खोलीत हा एकटा. दार बंद. कुणी ऐकतंय हे त्याला माहीत नाही. मी म्हटलं, आता शिव्या ऐकायला मिळणार. तो म्हणाला, चिडलो नाही, आधी जेवून घ्या, उन्हात उभे राहू नका. मग रडला. तेही हळू.”

बेयेने घड्याळाचा पट्टा चाचपत होता.

“माझ्या मुलीला मागायला सात जण आले होते,” लेम्मा म्हणाला. “मुलाला जन्मापासून ओळखणारे. त्यातला एकही त्याच्या भिंतीपलीकडे झोपलेला नव्हता. माझी मुलगी हात मोडून परत आली. मी कुणासाठी शब्द टाकणार नव्हतो. आजही टाकत नाही. ऐकलं ते सांगितलं.”

मग बेयेनेनं विचारलं, “माझ्या मुलीशी फोनवर काय बोलतो?”

“ते नाही ऐकलं.”

“का?”

“तिचा फोन आला की तो अंगणात जातो. पार पिंपापाशी, कोपऱ्यात. पाठ करून उभा राहतो.”

पडद्यामागे एक कप बशीवर जरा जोरात ठेवला गेला. बेयेनेनं तिकडे पाहिलं आणि मग खुर्च्यांकडे हात केला.

“बसा,” तो म्हणाला. “कॉफी घेतल्याशिवाय जाऊ नका.”

हाजी मटकन बसला. मास्तरांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेही बसले. लेम्माही खुर्चीत टेकला. इतकं मोकळं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

कॉफी झाली, भाजलेले जव झाले. निघताना बेयेने म्हणाला, “पहिल्या खेपेला हो म्हणायची रीत नाही. गुरुवारी या.”

“गुरुवारपर्यंत त्याची माणसं पोचतील,” हाजी म्हणाला.

“त्यांना पाहुणे म्हणून आणा. बोलायला तुम्हीच या. तिघंही.”

परतीच्या रिक्षात हाजी सारखा मांडीवर थाप मारत होता, स्वतःच्याही आणि मास्तरांच्याही. लेम्मा तोंड वाकडं करून बसला होता. “चार दिवस! आणखी चार दिवस त्या खुराड्यात! ट्रक माझ्याशिवाय जाणार म्हणजे.”

मेक्बिब हॉटेलच्या पायरीवर बसला होता. रिक्षा बघून उठला, पण पुढं यायचं धाडस त्याला होईना. हाजी काही बोलायच्या आत लेम्मानं त्याला बाजूला सारलं.

“एतेये,” तो आत्सेदेला ओरडून म्हणाला, “चार नंबर शुक्रवारपर्यंत माझ्या नावावर ठेव. आणि गुरुवारी आम्हाला पुन्हा जायचंय, शाल तोवर माझ्याकडेच राहील. आणि याला आज मटण वाढ. आईला सांगितलेलं एकदा तरी खरं होऊ दे.”

मेक्बिब पायरीवर पुन्हा खाली बसला. दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं. आत्सेदेनं आनंदानं लांबलचक किलकारी दिली, तशी शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

दिवेलागणीला लेम्मा फोन घेऊन अंगणात आला. पिंपापाशी मेक्बिब पाठ करून उभा होता, हळूहळू बोलत. लेम्माला बघून तो सरकायला लागला.

“थांब तिथंच,” लेम्मा म्हणाला. “पिंपाला दोन बाजू आहेत.”

तो दुसऱ्या बाजूला गेला, भिंतीकडे तोंड केलं आणि त्यानं असेलाला फोन लावला.

“आस्तेर? मी उद्या येत नाही. ट्रक येईल, माल उतरवून घे... नाही, तब्येत बरी आहे.” त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “आज मी एका मुलासाठी मागणी घालायला गेलो होतो.”

फोन कटला की काय म्हणून लेम्मानं तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता.

“तुम्ही?” शेवटी आस्तेर म्हणाली. “काय सांगितलंत त्यांना?”

“ऐकलं तेवढंच. आणि तुझं सांगितलं. माझ्याकडून झालं ते.”

मग तिनं विचारलं, “मुलगा बरा आहे का, बाबा?”

“बरा आहे. माझा रेडिओ सहन होत नाही त्याला.”

“मग चांगलाच आहे,” आस्तेर म्हणाली, आणि ती हसली.

लेम्मानं फोन कानाला घट्ट दाबून धरला.